'आपलाच माणूस आहे, बोलू नका' म्हणजे काय?

शहापूरकर
काल इथं, आपल्या बेळगाव सीमाभागातल्या मराठी मंडळींच्या गटात, एकानं लिहिलंय, 'आपल्या पुढाऱ्यांची पोरं इंग्रजी माध्यमात जातात हे चारचौघांत काढू नका, समोरच्यांच्या हातात कोलीत मिळतं.' म्हणजे ढोंग करणारा शहाणा आणि बोट दाखवणारा घरभेदी? १ नोव्हेंबरला, आपला भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत आमच्या गल्लीतलं एक वजनदार प्रस्थ पुढं होतं. 'मराठी शाळा वाचवा' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले. दुसऱ्या दिवशी पावणेआठला त्यांच्याच दारात पिवळी बस. आजोबा वाकून नातवाचा टाय सरळ करूलालेत आणि काळी फीत अजून मनगटाला!

खानापूरकर
मग काय फेरीला यायचंच नाही? माझी पोरगी पण इंग्रजीतच. आमच्या मराठी शाळेत चार वर्गांना दोन गुरुजी. १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात आमच्या बाबांनी पाठीवर लाठ्या घेतल्या, आणि नातीची फी त्यांनीच भरली. म्हणा त्यांना ढोंगी.

शहापूरकर
त्यांना कशाला? ते माइकवर दुसऱ्याच्या पोराची शाळा ठरवत नाहीत.

निपाणीकर
शाळेचं राहू दे, पाट्यांचं बोला. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडची सक्ती म्हणून आपण बोंब मारतो. उरलेल्या चाळीसात मराठी कुठाय? माझ्या मेव्हण्याचं कापड दुकान. वर कन्नड, खाली इंग्रजी. विचारलं तर म्हणतो, 'पेंटर अक्षरावर पैसे घेतो.'

खानापूरकर
मराठी पाटीला काळं फासलं तर पुसायला तू येणार?

निपाणीकर
येईन की! आम्ही काय मुंबईत राहतो? मेव्हण्यानं तर लग्नपत्रिका पण इंग्रजीत छापली! तिथं कुठली सक्ती होती?

टिळकवाडीची सून
पत्रिका इंग्रजीत, आहेराची यादी मात्र मराठीत. आमच्याकडंही तेच.

शहापूरकर
अहो, पत्रिका कसल्या काढताय! २०१८ आणि २०२३ ला आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार आला नाही. लोकांना दिसत नाही वाटतं?

खानापूरकर
२०१८ ला आपलेच आपल्याविरुद्ध उभे होते. त्याला टाय कारण नाही, खुर्ची. बरं, तुझं खरं. पुढच्या फेरीला पोरांचे दाखले तपासूनच फिती वाटूया. तुझ्या धाकट्याचा पण आण.

शहापूरकर
धाकटा सेमी इंग्रजीला आहे. ते वेगळं.

टिळकवाडीची सून
हो का!

निपाणीकर
मेव्हण्यानं हे सगळं वाचलंय. फोन वाजूलालाय.