मदत हवी आहे : सशांची जोडी जुळवताना मादीने खाणे सोडले
आमच्या नर सशाची नसबंदी होऊन ६ आठवडे झाले असून, गेल्या आठवड्यापासून नव्या मादीशी त्याची रोज १५ मिनिटे, दोघांनाही अनोळखी असलेल्या खोलीत, गाठ घालून देत आहोत. तो सारखा तिच्यावर चढतो. काल तिने त्याच्या पाठीचे केस उपटले, पांढरा झुपका तिच्या तोंडात तसाच होता. एवढे चालायचेच, असे मी धरून चाललो होतो, परंतु आज सकाळपासून तिने गवताला तोंड लावलेले नाही आणि लेंड्या बारीक, कोरड्या पडत आहेत. सशाचे पचन थांबणे जिवावर बेतू शकते, म्हणून तिला आत्ताच डॉक्टरांकडे नेत आहे. ती बरी झाल्यावर भेटी पूर्ण थांबवाव्यात, की जाळीच्या दोन बाजूंना ठेवून वासाची ओळख चालू ठेवावी? तिची नसबंदी झालेली नाही; ती आधी करावी का?