मदत हवी आहे: आरोग्याचे फॉरवर्ड तपासायचे कसे, आणि चुकीचे निघाले तर सांगायचे कसे?

साधा_वाचक (धागाकर्ता)

नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप गटात आरोग्याचे संदेश रोज येतात. "डॉक्टरांना विचारा" म्हणून भागत नाही, तोवर संदेश आणखी दहा गटांत पोचलेला असतो. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत जमेल अशी तपासणी हवी आहे. तीन नमुने देतो:

१) "एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर शुद्ध हरपायला फक्त १० सेकंद उरतात. दीर्घ श्वास घ्या, जोरात खोका, दर दोन सेकंदांनी पुन्हा."

२) "१९३१ च्या नोबेल विजेत्याने सिद्ध केले आहे, अल्कधर्मी शरीरात कर्करोग जगूच शकत नाही."

३) बातमीचे कात्रण: "या गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट."

पाठवणारी माणसे वयाने मोठी आहेत. त्यांचा मान राखून चूक कशी दाखवावी, तेही सांगा.

शोधयात्री

अख्खा संदेश खरा की खोटा, हा प्रश्न घेऊन बसू नका. एका संदेशात चार-पाच विधाने गुंफलेली असतात. त्यातली दोन खरी असतात आणि त्यांच्या आडून तिसरे खोटे आत शिरते. आधी विधाने सुटी करा, प्रत्येकाला वेगळे पकडा. मग विचारा: यावर विश्वास ठेवून माणूस नेमके काय करेल, आणि काय करायचे राहून जाईल? धोका बहुधा या दुसऱ्या भागात असतो.

पहिला नमुना असाच उलगडतो. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, दुखणे कित्येक मिनिटे, कधी तासभरही चालते. हृदय बंद पडणे (कार्डिअ‍ॅक अरेस्ट) वेगळे, त्यात शुद्ध काही सेकंदांत जाते. संदेशाने दुसऱ्याचे १० सेकंद पहिल्याला चिकटवले आहेत. खोकल्याची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. १९७६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात कॅथ लॅबमधल्या (रुग्णालयात हृदयाच्या धमन्या तपासण्याची खोली) रुग्णांवरचे निरीक्षण छापून आले होते. तिथे ईसीजी चालू असतो, ठोके बिघडलेले पडद्यावर दिसतात आणि शेजारचा डॉक्टर त्या क्षणी "खोका" म्हणतो. घरी एकट्या माणसाला आपल्या ठोक्यांचे काय चालले आहे हे कळणार कसे? अमेरिकन हार्ट असोसिएशन सामान्य लोकांसाठी हा उपाय सुचवत नाही. खोकत बसलेला माणूस फोन करत नाही, हे खरे नुकसान.

दुसऱ्या नमुन्याला दोन मिनिटे पुरतात. नोबेलच्या अधिकृत संकेतस्थळावर साल टाका. १९३१ चे वैद्यकशास्त्राचे पारितोषिक ओटो वारबुर्ग यांना मिळाले ते श्वसनाशी संबंधित विकराचे (एन्झाइमचे) स्वरूप आणि कार्यपद्धती शोधल्याबद्दल. पारितोषिकाचे कारण तिथे एका वाक्यात लिहिलेले असते आणि त्यात अल्कधर्मी शरीराचा उल्लेख नाही. संदेशात मोठे नाव, साल किंवा संस्था असली की मूळ ठिकाणी जाऊन एवढे एक वाक्य वाचायचेच.

मोजपट्टी

अल्कधर्मी दाव्यात विज्ञानही उलटे आहे, म्हणून थोडी भर. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचे माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो फुप्फुसे आणि मूत्रपिंडे सांभाळतात. ७.४५ च्या वर गेला तर तो आजार समजतात, हातापायांना मुंग्या आणि पेटके येतात. काही व्हिडिओंत लघवीवर पट्टी धरून "बघा, शरीर अल्कधर्मी झाले" असे दाखवतात. लघवीचा पीएच बदलतो तो मूत्रपिंड जादा आम्ल किंवा अल्क बाहेर टाकते म्हणून. रक्त जागच्या जागी असते.

गाठीभोवती आम्लता असते हे खरे, पण ती कर्करोगाच्या पेशीच तयार करतात. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. आणि प्रयोगशाळेत या पेशी वाढवतात त्या द्रवाचा पीएच साधारण ७.४ असतो, म्हणजे किंचित अल्कधर्मीच. तिथे त्या मजेत वाढतात.

तिसऱ्या नमुन्याला एकच प्रश्न: कशाच्या दुप्पट? ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल हाच इशारा निघाला. धोका साधारण ७,००० त १ वरून ७,००० त २ झाला होता. "दुप्पट" खरे होते, पण वाढ ७,००० स्त्रियांमागे एकीची. अनेकींनी गोळी बंद केली. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. वर गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो. तेव्हा बातमीत टक्के किंवा पट दिसले की आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि कालावधी शोधा. तिन्ही नसतील तर त्या बातमीच्या भरवशावर औषध बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

साधा_वाचक

मनापासून आभार. एक अडचण. एका वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या असा शोधनिबंध पबमेडवर खरोखरच सापडला. आता नाही कसे म्हणू?

मोजपट्टी

नाही म्हणू नका. "हो, प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशी मेल्या" म्हणा. पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची सूची आहे, तिथे असणे म्हणजे शिफारस नव्हे. सारांशात 'इन व्हिट्रो', 'सेल लाइन', 'हेला', 'एमसीएफ-७' दिसले तर प्रयोग बशीत झाला. 'माइस' किंवा 'म्युराइन' दिसले तर उंदरांवर. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. निरोगी पेशी वाचल्या का, आणि अर्काची तेवढी मात्रा पोटातून रक्तात पोचते का, हे प्रश्न तसेच राहतात. डाव्या बाजूच्या गाळण्यांमध्ये 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' (अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा) आणि 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी) निवडून तेच शब्द पुन्हा शोधा. काहीच उरले नाही, तर माणसांवरचा भक्कम पुरावा अजून सापडला नाही असे म्हणता येते.

निबंध मागे घेतला गेला आहे का, हेही पाहा. पबमेड शीर्षकाजवळ तशी ठळक सूचना लावते. लस आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा १९९८ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध अवघ्या १२ मुलांवर होता आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी तो अजून फिरतो. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लशीने धोका वाढलेला आढळला नाही.

संदर्भ चॅटबॉटने दिला असेल तर डीओआय (प्रत्येक निबंधाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून निबंध उघडतो का ते आधी बघा. हे बॉट अस्तित्वात नसलेले निबंधही बिनचूक वाटतील असे लिहून देतात.

शोधयात्री

डॉक्टरांच्या व्हिडिओंबद्दल थोडक्यात: आवाज आणि ओठ आता बनवता येतात. एक स्थिर चित्र घेऊन गूगल लेन्सवर टाका, कित्येकदा मूळ मुलाखत निघते आणि तिथे विषय भलताच असतो. व्हॉट्सॅपवरचा दुहेरी बाण इतकेच सांगतो की संदेश पाच किंवा अधिक हातांतून आला आहे. पाठवणाऱ्याने तो लिहिलेला नाही, त्यामुळे दोषही त्याला देऊ नये.

साधा_वाचक

गटात हे टाकू का? "खोकल्याने झटका थांबतो ही अफवा आहे. कृपया खात्री करून पाठवत जा."

शोधयात्री

दोन्ही वाक्ये बदला. पहिल्यात अफवाच आधी येते आणि तीच लक्षात राहते. दुसऱ्यात पाठवणाऱ्याचा चारचौघांत अपमान होतो. क्रम असा ठेवा: खरे काय, चूक काय, चूक का, पुन्हा खरे काय. उदाहरणार्थ:

"छातीत दुखत असेल, घाम येत असेल, दम लागत असेल तर लगेच आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. एकटे असाल तर दाराची कडी काढा आणि बसून राहा. स्वतः गाडी चालवू नका. खोकत राहायला सांगणारा एक संदेश फिरतो आहे, तो चुकीचा आहे. तो उपाय रुग्णालयात, यंत्राला जोडलेल्या रुग्णासाठी, डॉक्टरांसमोर केला जातो. घरी त्यात फोन करायची वेळ निघून जाते. आधी फोन."

आणि ज्यांनी पाठवला त्यांना हे आधी खाजगीत पाठवा: "काका, काळजीने पाठवलंत ते कळलं. यात एक दुरुस्ती आहे, तुम्हीच गटात टाकाल का?" त्यांच्या हातून गेलेली दुरुस्ती लोक जास्त मनावर घेतात.

मोजपट्टी

एक राहिले. मूळ चित्र दुरुस्तीसोबत परत टाकू नका. लोक फक्त चित्र उचलतात आणि तुमचा मजकूर मागे राहतो. टाकायचेच असेल तर चित्रावरच आडवी जाड रेघ मारून "चुकीचे" असे लिहा, अक्षरे कापून काढता येणार नाहीत अशी मधोमध.