पुस्तक छापायचंय, प्रकाशकाला पैसे द्यावेत का? (सोलापूर) लवकर सांगा

अक्कलकोटरोड
नमस्कार. पुस्तक तयार आहे. एका प्रकाशकाशी बोलणं झालंय, ३०० प्रतींचे ६२,००० म्हणतात. निम्मे सोमवारपर्यंत भरायचेत. भरू का? सोलापुरात कमीत कुणी करून देतं का? आयएसबीएनचे (पुस्तकावरच्या नंबरचे) वेगळे ५,००० सांगितलेत, ते बरोबर आहे का? गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आत पुस्तक हातात पाहिजे. ज्यांनी स्वतः छापलंय त्यांनीच सांगा. ‘लिहीत राहा, शुभेच्छा’ नको.

खिळेजुळारी
पानं किती? साइज डेमी का क्राउन? आत फोटो आहेत का? कागद कसला? ताई, चादर कितीला म्हणून विचारलं तरी दुकानदार सिंगल का डबल विचारतोच की.

कवीमन
माझा पहिला संग्रह मीही पैसे भरूनच काढला. १००० प्रती. आजही दिवाण उघडला की आधी त्या दिसतात, मग गाद्या. पण पुस्तक हातात आल्याचा आनंद पैशात मोजू नका. काव्यसंग्रह असेल तर ८० पानांच्या वर जाऊ नका.

अक्कलकोटरोड
कविता नाहीत हो. १४८ पानं. साइज वहीएवढी. फोटो दोनच.

ग्रंथपालकाका
आयएसबीएनला एक रुपया लागत नाही. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला स्वतःच्या नावानेही मिळतो. कुणी धावपळीचे पैसे मागत असेल तर तसं सांगून मागावेत, नंबरची किंमत म्हणून नव्हे. आणि प्रकाशकाने काढला तर तो नंबर त्याच्या खात्यावर राहतो, हेही ध्यानात ठेवा.
पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. घाई असेल तर मात्र तिच्या नादाला लागू नका.

सदाशिवपेठी
पैसे घेऊन छापतो तो प्रकाशक नव्हे, मुद्रक. प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो आणि लेखकाला रॉयल्टी देतो. ही साधी गोष्ट लोकांना कधी कळणार?

कवीमन
नव्या लेखकाला दारात तरी उभं करतात का तुमचे ते प्रकाशक? माझी संहिता अकरा महिने ठेवून घेतली आणि परत पाठवली. पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं.

सदाशिवपेठी
मग ती चांगली नसेल.

कवीमन
पाकीट न फोडता कळलं होय?

शेंगाचटणी
भांडू नका. २००६ ला आपल्याकडं साहित्य संमेलन झालं होतं, अध्यक्ष मारुती चितमपल्ली, आपल्या सोलापूरचेच. काय गर्दी होती पुस्तकांच्या गाळ्यांवर! माझी चप्पल तिथंच गेली. कुणाला आठवतंय का?

ईबुकवाला
छापताच कशाला? किंडलवर मराठी ई-बुक फुकट टाकता येतं. गोदाम नको, दिवाण नको.

अक्कलकोटरोड
ई-बुक नकोय. भावकीत वाटायचंय. कुणीतरी हो किंवा नाही सांगा ना, सोमवार आला.

खिळेजुळारी
तसं सांगता येत नाही ताई. छपाईत १६ पानं एकदम निघतात, तो एक फॉर्म. १४८ म्हणजे नऊ फॉर्म आणि वर चार पानं. त्या चार पानांसाठी वेगळा तुकडा छापावा लागतो. एकतर १४४ वर आणा, नाहीतर अर्धा फॉर्म घेऊन १५२ करा. टायपिंग कशात केलंय? श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर युनिकोड करून घ्या, आणि पैसे देताना पीडीएफ नको, दुरुस्त्या करता येतील अशी ओपन फाईल मागा. नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा त्याच माणसाच्या दारात. प्रुफं कुणी वाचली?

अक्कलकोटरोड
प्रुफं मीच वाचणार होते. एका पानाचा फोटो टाकलाय.

खिळेजुळारी
पहिल्याच परिच्छेदात ‘घोटा उडून कपाळाला लागला’ छापलंय. तो धोटा असणार. कापडाच्या मागावर आडवं सूत नेणारा धोटा सुटून लागतो, घोटा कसा उडेल? टायपिंगवाल्यानं माग पाहिलेला दिसत नाही.

ग्रंथपालकाका
त्याच पानावर मधेच दोन ओळी नुसती टिंबं आहेत. ती कशाची?

अक्कलकोटरोड
तिथं वहीत तेलुगू आहे. टायपिंगवाल्यानं सोडून दिलं.

सदाशिवपेठी
करारात हक्क कुणाकडे, ते वाचलंत का?

अक्कलकोटरोड
करार माझ्या नावानं आहे. कव्हरवर फक्त वडिलांचं नाव टाकायचंय.

सदाशिवपेठी
वडिलांचं का?

अक्कलकोटरोड
त्यांनीच लिहिलंय ना. चार वह्या. ४० वर्षं यंत्रमागावर होते, पाळी सुटली की लिहायचे. मागच्या पौषात गेले. वर्षश्राद्धाला वाटायचंय.

ग्रंथपालकाका
ताई, हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं! लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकावर छापल्यापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि मृत्युपत्र नसेल तर तो सगळ्या वारसांचा. तुम्हाला भावंडं आहेत? आई? एकट्यानं हक्क लिहून देऊ नका, सगळ्यांचं संमतिपत्र घ्या. नोंदणी सक्तीची नाही, केली तर साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे.

सदाशिवपेठी
आणि सोमवारी एक पैसाही देऊ नका. एवढं तरी ऐका.

कवीमन
यात मी त्यांच्याशी सहमत. पहिल्यांदाच.

खिळेजुळारी
श्राद्धापुरत्या ५० प्रती डिजिटलवर काढा. एका प्रतीला जास्त पडतील, पण एकूण खर्च कमी, आणि चुका सुधारायला वाव राहतो. जास्त प्रतींची ऑफसेट छपाई नंतर, सह्या झाल्यावर. आधी ती टिंबं भरा.

अक्कलकोटरोड
आई आहे, ती सही देईल. भाऊ भिवंडीला असतो, फोन उचलत नाही. वहिनीला मेसेज केलाय. पैसे थांबवते. तेलुगूचं मात्र अडलंय. एकूण चौदा जागा आहेत.

शेंगाचटणी
पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहून तेलुगूचं अडतं? अशोक चौकात उभं राहा, दहा जण सांगतील.

अक्कलकोटरोड
बोलता सगळ्यांना येतं हो, वाचता येत नाही. आम्ही सगळे मराठी शाळेतले. वडीलच तेवढे लिहायचे, तेही चिडले की. मराठीत लिहिता लिहिता मालकाचा विषय आला की अक्षर बदलतं, पेन दाबून दाबून. मागच्या पानावर उमटलंय.

ईबुकवाला
फोटो टाका. माझ्या सासूबाई हैदराबादच्या, रोज तेलुगू पेपर वाचतात. फक्त शिव्या असतील तर आधी सांगा.

अक्कलकोटरोड
असतील.