कविता आधी, चित्र नंतर? नेहमीच नाही
वरती कुणीतरी म्हटलंय की कविता आणि चित्रं एकत्र छापलेल्या, तत्त्वज्ञानावरच्या पोर्टफोलिओत (म्हणजे छापचित्रांच्या संचात) कवी आधी लिहून मोकळा होतो आणि चित्रकार फक्त सजावट करतो. बऱ्याचदा होतं तसं, पण कवी फ्रँक ओहारा आणि चित्रकार लॅरी रिव्हर्स यांनी 1957 ते 59 मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर टाट्याना ग्रॉसमनच्या छपाईच्या स्टुडिओत 'स्टोन्स' हा लिथोग्राफचा (दगडावर काढून कागदावर छापलेल्या चित्रांचा) संच केला तो बघा, दोघं एकाच दगडावर मिळून काम करायचे, आणि लिथोग्राफ उलटा छापला जातो म्हणून ओहाराला ओळी आरशातल्यासारख्या उलट्या लिहायला लागायच्या! आता अशा वेळी कवी लांबलचक वाक्यं लिहीलच कशाला.

त्यात तत्त्वज्ञान मात्र नाही, त्यासाठी ब्रिटिश कलाकार पाओलोझीचा 1965 चा 'ॲज इज व्हेन' बघा, तत्त्वज्ञ विटगेन्स्टाईनचं आयुष्य आणि लिखाण यावरचे 12 स्क्रीनप्रिंट (जाळीतून शाई दाबून छापलेली चित्रं), लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत छापलेले. कवी कुणी नाही, पण तत्त्वज्ञाची वाक्यंच थेट चित्रात घुसवलीयत. शिवाय स्क्रीनप्रिंटमध्ये अक्षर सुलटंच उमटतं, त्यामुळे कवीच्या हस्ताक्षरात छापायचं असेल तर मी तरी तेच निवडेन. लिथोच हवा असेल तर ट्रान्स्फर पेपरवर सरळ लिहून दगडावर उतरवता येतं.