अमेरिकन वसाहतींच्या करविरोधावर व्याख्यान द्यायचे आहे, सुरुवात कोठून करावी?

जिज्ञासू_वाचक
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात मला अमेरिकन स्वातंत्र्यापूर्वीच्या करविरोधी चळवळीवर पाऊण तास बोलायचे आहे. श्रोत्यांत निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी अधिक आहेत. बोस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याची गोष्ट त्यांना ठाऊक आहे. परंतु १७७३च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता, हे वाचल्यापासून माझाच गोंधळ उडाला आहे. हा राग श्रोत्यांना पटेल अशा रीतीने मांडायचा तर सुरुवात कोठून करावी आणि काय गाळावे, याबद्दल जाणकारांनी सल्ला द्यावा.

दप्तरदार
चहापासून मुळीच सुरुवात करू नका. १७६३ मध्ये फ्रान्सविरुद्धचे सप्तवार्षिक युद्ध संपले तेव्हा ब्रिटनवर कर्जाचा डोंगर होता आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च चालूच होता. त्यातला काही वाटा वसाहतींनी उचलावा ही लंडनची अपेक्षा अगदीच वावगी नव्हती, आणि ही बाजूही श्रोत्यांपुढे ठेवावी. मग थेट १७६५च्या मुद्रांक कायद्यावर या. न्यायालयीन कागद, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगे, इतकेच नव्हे तर पत्ते आणि फासे यांवरही शुल्क बसल्यामुळे वकील, छापखानेवाले आणि व्यापारी, म्हणजे ज्यांना लिहिता-बोलता येत होते नेमकी तीच माणसे, एकदम दुखावली गेली. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि ज्या संसदेत आमचा एकही प्रतिनिधी नाही तिला आमच्यावर कर बसवता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी ठरावांतून मांडली. १८ मार्च १७६६ रोजी कायदा रद्द झाला खरा, पण त्याच दिवशी संसदेने दुसरा कायदा करून वसाहतींना सर्व बाबतींत बांधील ठरवण्याचा आपला हक्क जाहीर केला. माझ्या मते तुमच्या व्याख्यानाचा कणा हाच आहे: रक्कम सोडायला लंडन तयार होते, हक्क सोडायला नव्हते.

बंदरकर
चहाचे कोडे यावरूनच सुटते. १७६७ मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंड याच्या पुढाकाराने वसाहतींच्या आयातीवर बसवलेल्या टाउनशेंड शुल्कांपैकी काच, शिसे, रंग आणि कागद यांवरची शुल्के १७७० मध्ये उठली. चहावरचे एका पौंड वजनामागे तीन पेन्स मात्र मुद्दाम ठेवले गेले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची गोदामे न खपलेल्या चहाने भरली आणि कंपनी कर्जात बुडाली, तेव्हा तिला सावरण्यासाठी १७७३च्या कायद्याने ठरावीक अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विक्री करण्याची सवलत दिली. त्यामुळे चहा स्वस्त होणार होता, परंतु तो घेणारा प्रत्येक जण ते तीन पेन्स मान्य करणार होता. स्थानिक व्यापारी बाजूला पडणार होते, आणि चोरट्या डच चहावर गबर झालेल्यांचाही धंदा बसणार होता. हे दुसरे कारण लपवू नका. शिवाय या महसुलातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांना पगार देण्याची सोय होती, त्यामुळे त्यांच्यावर वचक ठेवण्याचे वसाहतींच्या विधिमंडळांचे साधनच हातचे जाणार होते.

वेळ असल्यास एकच प्रसंग तपशिलाने सांगा. 'डार्टमाउथ' जहाज २८ नोव्हेंबरला बोस्टनला लागले. वीस दिवसांत शुल्क न भरल्यास जकातखाते माल जप्त करणार होते, शुल्क न भरता जहाज परत जाऊ देण्यास गव्हर्नर हचिन्सन तयार नव्हता, आणि चहाच्या अडत्यांत त्याचेच मुलगे होते. मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी, १६ डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. फिलाडेल्फियाहून चहाचे जहाज मुकाट्याने परत फिरले होते, हेही जोडीला सांगावे. (चहा चीनचा होता. पडद्यावर आसामचे मळे दाखवू नका!)

सनावळी
वरील सल्ल्याशी सहमत आहे, मात्र वसाहती एकदिलाने उभ्या होत्या असे चित्र रंगवू नये. राजनिष्ठांची संख्या मोठी होती. बहिष्कार मोडणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत छापली जात, आणि ऑगस्ट १७६५ मध्ये बोस्टनचा नियोजित मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा झाडाला टांगल्यावर त्याने पद सोडण्याचे कबूल केले. स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या या वसाहतींत सुमारे एक पंचमांश लोक गुलामगिरीत होते, हेही सांगायला हवे.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर तो खरा आहे. कंपनीच्या त्याच संकटातून १७७३चा नियामक कायदा आला आणि मुंबईकर इंग्रज कलकत्त्याच्या देखरेखीखाली गेले. म्हणूनच राघोबादादांशी झालेला १७७५चा सुरतेचा तह कलकत्त्याने नामंजूर केला आणि पुढच्या वर्षी पुरंदरचा तह झाला. यावर दोन मिनिटे पुरेत, नाहीतर व्याख्यान पुण्यातच अडकेल.

जिज्ञासू_वाचक
मनःपूर्वक आभार. शेवट १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर करावा का?

दप्तरदार
नको, १७७४वर थांबा. बोस्टन बंदर बंद करणारा कायदा १ जूनपासून लागू झाला, सप्टेंबरमध्ये जॉर्जियाखेरीज बारा वसाहती फिलाडेल्फियाला जमल्या आणि ब्रिटिश मालावरचा बहिष्कार पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी गावोगावी समित्या नेमायचे ठरले. या समित्या व्यापाऱ्यांच्या वह्या तपासू लागल्या, म्हणजे कारभारच हाती घेऊ लागल्या. लेक्झिंग्टनचा गोळीबार, म्हणजे १७७५ मध्ये युद्धाला तोंड फोडणारी चकमक, प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा, तो कोणीतरी विचारेलच.