दुधाच्या दाढेची कीड, ड्रिल न करता थांबते का?

फोंड्याची आई: मुलगी 5 वर्षांची, खालच्या दाढेला कीड लागलीय, दुखत नाही अजून. डॉक्टर ड्रिलच करूया म्हणतात आणि ही तर खुर्ची बघूनच रडते, काय करू?

म्हापसेकर: सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडबद्दल विचारा ना. ब्रशने लावतात, कीड बऱ्याचदा थांबते पण तो भाग काळा पडतो, म्हणून डॉक्टर कचरतात. 2021 पासून डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे हो ते!

डेंटिस्ट, मडगाव: आमच्या पिढीला कीड पूर्ण खरवडायचीच सवय, ती सुटायला वेळ लागतो. हॉल पद्धतीत इंजेक्शनशिवाय दाढेवर स्टीलची टोपी बसवून कीड आतच बंद करतात. पण रात्री ठणकत असेल किंवा हिरडीवर फोड असेल तर हे चालत नाही, आधी एक्स-रे काढा.