जमीन विकून जमीन वाचवायला शिकतात म्हणे!

डिचोलीची_लेक
परवापासून एका निवृत्त प्राध्यापकांची पोस्ट गोव्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. कुणाची चुकली असेल तर थोडक्यात सांगते. पर्यावरण शिकायला परदेशी जाणं म्हणजे बापाची जमीन विकून जमीन वाचवायला शिकणं. दोनापावलला एनआयओ, म्हणजे समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, वास्कोत ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, पाठीशी सह्याद्री आहे. तरी पोरांना हॉलंड हवं, कारण तिथे फोटो चांगले येतात. आणि परत येऊन करतात काय, तर रील.

सर, मी त्यातलीच एक. हॉलंडमधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात पाण्याच्या विषयात मास्टर्स केलं. जमीन विकली नाही, कर्ज काढलं, हप्ते अजून चालू आहेत. फोटो चांगले येतात हे मात्र खरं.

आमच्या घरची विहीर उन्हाळ्यात आटायला लागली तेव्हा मी शाळेत होते. बाबा म्हणायचे, खाणीच्या खड्ड्यामुळे. खाणवाले म्हणायचे, पाऊस कमी झाला. आकडा दोघांकडेही नव्हता. वाखेनिंगेनला पहिल्याच प्रॅक्टिकलला आम्हाला डिनोलोकेट नावाची वेबसाइट उघडायला लावली. अख्ख्या नेदरलँड्समधल्या बोअरचे थर, भूजलाच्या पातळीच्या नोंदी, कुणीही बघाव्यात, फुकट. मी आपली लॉगिन कुठे करायचं ते शोधत बसलेले. इथे खड्ड्यातून रोज किती पाणी उपसलं एवढं विचारायला आरटीआय टाकला, तर उत्तर आलं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' तो अजून वर्गातच बसलाय.

खड्डा भूजलाच्या खाली गेला आणि चोवीस तास पंप चालू राहिला की भोवतालचं पाणी खड्ड्याकडे उतरतं. गावातल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊकच होतं. पण जनसुनावणीत ते कागदावर मांडून दाखवणारं कुणीतरी लागतं. कुणी आकडा फेकला की 'मोजला कुणी, कुठे, कुठल्या महिन्यात' असं विचारायची खोड मला तिकडे लागली. ही खोड इथल्या वर्गात का लागली नाही, याचं उत्तर सरांनी द्यावं. वर्गात ते होते, मी बाकावर होते.

माशेलचो_भाऊ
ताई, 'मोजला कुणी' ही खोड माझ्या आजीलाही होती. ती फोंड्याच्या पलीकडे गेली नव्हती.

पोस्ट कडवट आहे, पण सरांचा मुद्दा चुकीचा नाही. तुमचे डच लोक पोल्डर पोल्डर (बांध घालून पाण्यातून काढलेली जमीन) करून जगाला शिकवत फिरतात. आमच्या गावकारीने, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेने, पोर्तुगीज यायच्या आधीपासून खाजनांना, खाडीकाठच्या सखल शेतांना, बांध घातले. मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, जवळून बघितली आहे का कधी? भरतीचं पाणी दाबायला लागलं की लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात. ना मोटर, ना सेन्सर. आत खाऱ्या मातीत कोरगुट भात पिकायचा, पावणीच्या, म्हणजे मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाच्या पैशातून बांधाला माती पडायची. यावर तुमच्या वाखेनिंगेनला एक तरी पेपर असतो का परीक्षेला?

तिसवाडीतलो_शेतकार
भाऊ, मानशीवर कविता करू नका. आमच्याकडे या आणि बघा. पावणी जो घेतो त्याला भाताशी देणंघेणं नाही, त्याला सुंगटं, कोळंबी पाहिजे. रात्री भरतीला दारं उघडी ठेवतो, खारं पाणी सरळ शेतात. कूळ कायद्यानंतर बांध कुळांच्या संघाकडे आले. संघाची बैठक झाली की चहा होतो, बांध होत नाही. आमच्या वाटेकडचा बांध फुटला तो तसाच आहे, आत आता कांदळवन उभं राहिलंय, आणि ते तोडायला गेलं तर आपणच गुन्हेगार. आजीची खोड आणि गावकारीची पुण्याई यावर भात येत नाही.

माशेलचो_भाऊ
मग वाखेनिंगेनची बाई येऊन बांध घालणार?

डिचोलीची_लेक
बाई नको, ताईच बरं होतं. आणि बांध मी घालणार नाही. पण फुटला कशाने हे सांगू शकते. खेकड्याने की बार्जच्या लाटेने की कुणी मुद्दाम फोडून मागाहून 'पडीक जमीन' म्हणून झोन बदलायला अर्ज टाकला. तीन रोग आहेत, औषध एक नाही.

दोनापावल_निवृत्त
मी समुद्रात आयुष्य काढलं, म्हणून दोन शब्द. एनआयओची स्थापना १९६६ ची, अंटार्क्टिकाच्या मोहिमा वास्कोतून आखल्या जातात. सरांनी हे अभिमानाने लिहिलं, मलाही अभिमान आहे. पण या संस्था गोव्यात आहेत म्हणून गोव्याच्या पोराला आत दार उघडं आहे असं नाही. प्रवेश देशपातळीवरच्या परीक्षांतून होतो. आणि बाहेरचा पोस्टडॉक नसेल तर मुलाखतीत समोरचे तज्ज्ञ मान वर करून बघत नाहीत, हे मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. जे तज्ज्ञ 'बाहेर कशाला जाता' म्हणतात त्यांचे स्वतःचे बायोडेटा एकदा उघडून बघा.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पीएचडी हार्वर्डला केली, १९६९ मध्ये. परत येऊन १९८३ मध्ये बंगळूरच्या आयआयएससीत परिस्थितिकीचं केंद्र उभं केलं. पश्चिम घाटाचा २०११ चा अहवाल त्याच माणसाचा. हार्वर्डला जाऊन ते देवराया विसरले नाहीत.

सांगेकार
गाडगीळांचं नाव काढलंत ते बरं केलंत. ईएसझेड-१, म्हणजे सगळ्यात संवेदनशील पट्ट्यामधल्या गोव्याच्या खाणी २०१६ पर्यंत बंद करा असं त्याच अहवालात आहे. आमच्या खाणी तर त्याआधीच, २०१२ ला बंद. मग थोड्या चालू. २०१८ ला परत बंद. माझे ट्रक अंगणात, टायरखाली गवत, बँकेचा माणूस दारात. हप्ते हार्वर्डने भरले काय? विहीर आटली ते दिसतं ताईंना, घर आटलं ते कुठल्या मॉडेलमध्ये घालतात?

डिचोलीची_लेक
सांगेकार, माझ्या मामाचेही ट्रक होते. कुठल्याच मॉडेलमध्ये घालत नाहीत, कबूल. घालायला हवं.

सांगेकार
कबूल म्हणून हप्ता फिटत नाही.

जर्मनीत_सध्या
जमीन विकायचा विषय निघालाय तर खरे आकडे घ्या. मी फ्रायबुर्गला आहे. जर्मनी फुकट म्हणतात, पण या राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. कागदपत्रं तपासल्याचं एपीएसचं सर्टिफिकेट काढा. ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवा, त्यातले महिन्याला ९९२ आपलेच आपल्याला मिळतात. याउलट इरास्मुस मुंडुस ही युरोपियन युनियनची स्कॉलरशिप लागली तर फी माफ आणि महिना १,४०० युरो. माझ्या वर्गातली एक मुलगी त्यावर तीन देश फिरून शिकली, घरचा एक रुपया गेला नाही. पणजीतल्या ज्या एजंटकडे मी गेलो होतो त्याने इरास्मुसचं नावसुद्धा काढलं नाही, कारण त्यात त्याला कमिशन नाही. मला इंग्लंडचा एक वर्षाचा कोर्स गळ्यात मारत होता.

पर्वरीकार
मला एक कळत नाही. ताईंनी वाखेनिंगेनला युरोपबाहेरची म्हणून वर्षाला वीसेक हजार युरो भरले ना? कशाला? आजोबा ६१ च्या आधीचे, पोर्तुगीज राजवटीतलेच असणार. लिस्बनला जन्मनोंद, मग वडिलांची, मग आपली. पोर्तुगालचा पासपोर्ट हातात आला की फी अडीच हजाराच्या घरात. डेन्मार्कला तर शून्य. माझ्या पुतण्याने तेच केलं.

माशेलचो_भाऊ
वा! १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी झेंड्याला सलाम, २० ला लिस्बनची रांग.

पर्वरीकार
भाऊ, तुमच्या वाड्यावरून किती गेले मोजू का? नावं घेत नाही.

स्विंडनवालो
मी गेलोय, मीच माझं नाव घेतो. पण पुतण्याला इंग्लंडचं स्वप्न असेल तर सांगा, २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्टवर इथे होम फी, म्हणजे स्थानिकांची कमी फी मिळत नाही. आधी येऊन सेटल्ड स्टेटस (कायम राहायचा हक्क) घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. आणि देशभक्तीचं म्हणाल तर वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करून मी गावातल्या देवळाच्या छपराला पैसे पाठवतो. झेंड्यावाले किती पाठवतात ते देवाला माहीत.

माशेलचो_भाऊ
देवाला मध्ये आणू नका. स्वातंत्र्यसैनिकाच्या घरात वाढलोय, मला लागतं हे.

फोंड्याची_सून
पण नुसती नोंद केली तर काही होत नाही ना? आमच्या सासऱ्यांनी नोंद केलीय, पासपोर्ट काढला नाही.

सत्तरीतलो_वकील
मत फुकट देतोय, सवय लावू नका. परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ खाली भारताचं जातं. नुसत्या जन्मनोंदीने ते घेतलं असं होतं का, यावर आमच्या व्यवसायातल्या पुष्कळांची चूल पेटते. पासपोर्ट काढल्यावर मात्र वाद उरत नाही. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड काढा. त्यावर मत नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते.

पर्वरीकार
मत देऊन काय मिळालं आजवर? उमेदवार आज या पक्षात, उद्या त्या.

मराठी_अभिमानी
मुळात इथे सरकारी नोकरीला कोकणी सक्तीची आणि मराठी आली तर बरी, त्यामुळे मराठी शिकलेली पोरं...

नियामक
हा विषय इथे नको. त्याचे वेगळे धागे आहेत, तिथे रक्त सांडा.

डिचोलीची_लेक
पर्वरीकार, पासपोर्टची चर्चा आमच्या घरी झाली होती. आजोबांचा दाखलासुद्धा काढून ठेवला होता. नको म्हटलं मीच. झेंडा वगैरे कारण नव्हतं. तुमच्या पुतण्याचं बरं होवो, पण ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. आमच्या शेजारच्या गावात एक मुलगा असाच डेन्मार्कहून शिकून आला. डोंगरकापणीच्या ठरावावर नकाशा घेऊन उभा राहिला, उताराचे अंश, पाणी कुठे वळेल, सगळं तयार. सरपंचांनी विचारलं, यादीत नाव कुठल्या वॉर्डात? नाव नव्हतं. 'तुम्ही पाहुणे, बसून घ्या.' नकाशा गुंडाळून तो मागे बसला, आणि ज्याचा डोंगर त्याच्याच मेव्हण्याने ठराव मांडला. वीस हजार युरो मला इथेच वसूल झाले.

पर्वरीकार
एका पोराचा किस्सा म्हणजे पुरावा नव्हे. तुम्हीच वर 'मोजला कुणी' म्हणत होता.

डिचोलीची_लेक
बरोबर. वॉर्डवार यादी आणून देते.

वाळपईची
तुम्ही लिस्बनला पोचलात, मी सत्तरीत परत येते. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेले. तेव्हा पदवीवाले, कॅमेरेवाले, दिल्लीवाले, सगळे आले. ज्यांच्या म्हशी वाघाने मारल्या त्यांना नुकसानभरपाई किती आणि कधी मिळते हे विचारणारे त्यात किती होते? तिकडे 'मानव-वन्यजीव संघर्ष' असा अख्खा विषय शिकवतात म्हणे. गवळ्याच्या ओसरीवर बसायला कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

पण 'परत येऊन रील करतात' हेही मला पटत नाही. मोलेच्या जंगलातल्या प्रकल्पांविरुद्धच्या आंदोलनावेळी इथलेच वकील, आर्किटेक्ट, कॉलेजची पोरं आणि बाहेर शिकून आलेलेही होते. रीलही त्यांनीच केले आणि कागदही त्यांनीच वाचले. रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली परवानगी सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये रद्द केली, ती रील बघून नव्हे.

माशेलचो_भाऊ
म्हणजे इथले शिकलेलेही होते ना? मग माझाच मुद्दा.

वाळपईची
घ्या, तुमचाच. नेऊन शोकेसमध्ये ठेवा.

दोनापावल_निवृत्त
ताई, परत आल्यावर काम काय मिळालं ते लिहिलं नाहीत. खरी मेख तिथे आहे.

डिचोलीची_लेक
आल्याआल्या एका सल्लागार कंपनीत गेले, ईआयए, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करणाऱ्या. मुलाखतीत भूजलाचं मॉडेल दाखवायला लॅपटॉप उघडला. समोरचे म्हणाले, ते राहू दे, नॅबेटच्या, म्हणजे मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या यादीत तुमचं नाव लागायला अनुभवाची वर्षं लागतात, तोवर दुसऱ्याच्या सहीखाली लिहायचं. लिहायचं काय, तर एका हंगामाची बेसलाइन, म्हणजे प्रकल्पाआधीच्या स्थितीच्या नोंदी, पावसाळा वगळून. गोव्यात! जिथे पाणी चार महिन्यांत पडतं आणि सगळा खेळ त्याच पाण्याचा, तिथे पावसाळा वगळून. आणि नियमात बसतं हे, म्हणून चीड जास्त. मी कामाला लागले, वर्षाच्या आत सोडलं. आता एका शाळेत भूगोल शिकवते आणि शनिवार-रविवारी मुलांबरोबर विहिरी मोजते. दोरी, वजन, वही. सरांना हवं तेच झालं, सगळं सामान गोव्यात मिळतं.

सांगेकार
भूगोल शिकवायला अख्खं युरोप फिरून आलात. सर हसतील.

डिचोलीची_लेक
हसू देत.

तिसवाडीतलो_शेतकार
ताई, आमच्या विहिरीत खारट चव यायला लागलीय, बांध फुटल्यापासून. खारेपणा मोजायचं यंत्र आहे तुमच्याकडे?

डिचोलीची_लेक
आहे, हाताएवढं. पण एकदा मोजून उपयोग नाही. भरतीला आणि ओहोटीला, आणि आता व मे महिन्यात. पावसाळ्यातसुद्धा. मेसेज करा.

माशेलचो_भाऊ
आमच्या माशेलच्या खाजनातही मोजून द्या मग. फुकट असेल तर.

डिचोलीची_लेक
फुकट नाही, भाऊ. वही तुम्ही धरायची, आणि आकडा आला की ग्रामसभेत तुम्हीच उभं राहायचं. मी तुमच्या यादीत नाही.

माशेलचो_भाऊ
बघतो. सरांना विचारतो.